पहाटेआधीचे अडीच तास : केट बुशचं 'बिफोर द डॉन' पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

केट बुश हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुधा २०२२ मध्ये. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत तिचं 'रनिंग अप दॅट हिल' वाजलं आणि १९८५ सालचं ते गाणं ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तेव्हा ते गाणं महिनाभर घोळवलं आणि मग विचारलं, 'आता हिचं पुढे काय ऐकू?' माझं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते ऐकून बहुतेक जण दचकतात. तिच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण, लांबी सुमारे अडीच तास, तीन सीडी किंवा चार एलपी. नाव 'बिफोर द डॉन', म्हणजे पहाट होण्याआधी.

नवख्या माणसाच्या हातात एकदम एवढा ऐवज देऊ नये, निवडक गाण्यांची यादी द्यावी, असं सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. निवडक गाण्यांतून केट बुशचा आवाज कळतो, पण ती काय करू पाहते ते कळत नाही. ती गाण्यांतून नाटक उभं करते. आर्ट रॉक म्हणतात ते साधारण असंच असतं: वाद्यं रॉकची, पण बांधणी कधी नाटकाची, कधी चित्राची, कधी एखाद्या लांब गोष्टीची. आणि हे नाटक अख्खं, सलग, एका बैठकीत ऐकायला मिळतं ते या एकाच ध्वनिमुद्रणात. फक्त त्यात शिरायचं कसं ते ठाऊक हवं. म्हणून हा लेख.

आधी एवढं माहीत असू द्या

केट बुशचा जन्म १९५८ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. १९७८ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, 'वुदरिंग हाइट्स' हे स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. स्वतः लिहिलेल्या गाण्यानं तिथे पहिली आलेली ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी तिनं दौरा काढला. नाच, नेपथ्य, जादूचे प्रयोग, जवळजवळ दर गाण्याला नवा वेश. गाताना हात मोकळे राहावेत म्हणून तिच्या ध्वनितंत्रज्ञानं कपडे टांगायच्या तारेच्या हँगरपासून डोक्यावर बसणारा बिनतारी माइक बनवला. आज प्रत्येक पॉप गायिकेच्या गालाशी दिसतो तो प्रकार तेव्हा असा घडवावा लागला होता.

त्या दौऱ्याला एका मृत्यूची किनार आहे. इंग्लंडमधल्या पूल या गावातल्या पहिल्या, तालमीवजा प्रयोगानंतर बिल डफिल्ड हा प्रकाशयोजनेतला तरुण साथीदार अपघातात गेला. दौरा पूर्ण झाला, त्याच्यासाठी एक खास कार्यक्रमही झाला. आणि मग केट बुशनं पूर्ण लांबीचे कार्यक्रम करणं थांबवलं. ते पुढची ३५ वर्षं थांबलेलंच राहिलं.

मार्च २०१४ मध्ये तिनं अचानक जाहीर केलं की ती परत येते आहे. आधी पंधरा प्रयोग, मग मागणी पाहून आणखी सात. बावीसच्या बावीस प्रयोगांची तिकिटं पंधरा मिनिटांत संपली. २६ ऑगस्ट ते १ ऑक्टोबर २०१४, सगळे प्रयोग पश्चिम लंडनमधल्या हॅमरस्मिथ अपोलोमध्ये. १९७९ चा दौराही याच वास्तूत संपला होता, तेव्हा तिचं नाव हॅमरस्मिथ ओडियन होतं. प्रयोग सुरू झाले त्या आठवड्यात तिचे आठ जुने अल्बम एकाच वेळी ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसात होते. कोणत्याही गायिकेच्या बाबतीत तोवर असं घडलं नव्हतं.

प्रेक्षकांना तिनं आधीच विनंती केली होती की फोन आणि कॅमेरे काढू नका, मला तुमच्याशी भेटायचंय, तुमच्या पडद्यांशी नाही. लोकांनी ती पाळली. प्रयोगाचं चित्रीकरण झालं होतं, पण ते तिनं प्रकाशित केलं नाही. २५ नोव्हेंबर २०१६ ला आला तो फक्त आवाज, तिच्या स्वतःच्या 'फिश पीपल' या लेबलवर. मुखपृष्ठावर कलाकार म्हणून नाव आहे 'द केटी फेलोशिप', म्हणजे सगळा चमूच. नंतर स्टुडिओत काहीही पुन्हा गायलेलं किंवा वाजवलेलं नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं आहे.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. बाजारात येणाऱ्या अनेक लाइव्ह अल्बममध्ये चुकलेले सूर मागाहून दुरुस्त केलेले असतात. इथे ऐकू येतं ते, एका गाण्याचा अपवाद सोडला तर, ५६ वर्षांच्या बाईनं, अनवाणी उभं राहून, त्या खोलीत गायलेलं आहे.

पहिली पायरी : ऐकायची सोय

सीडी, एलपी, डाउनलोड, जे हाताशी येईल ते चालेल. चार एलपींचा संच दिसायला देखणा आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. दर वीसेक मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते आणि दुसरा अंक मधोमध तुटतो. सीडी उत्तम, कारण एक सीडी म्हणजे बरोबर एक अंक.

फोनवरून ऐकणार असाल तर तीन गोष्टी तपासा. शफल बंद. एका गाण्याचा शेवट पुढच्या गाण्यात मिसळवणारा क्रॉसफेड बंद. आणि गाण्यांमध्ये खंड पडू न देणारं गॅपलेस चालू. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शफल चालू राहिलं होतं. समुद्रात बुडणाऱ्या बाईच्या किंकाळीनंतर थेट चित्रकाराची दुपार सुरू झाली, मला काही लागेना, आणि मी ते वर्षभर बाजूला ठेवून दिलं. ते वर्ष वाया गेल्याची हळहळ मला अजून आहे.

हेडफोन हवेत. महागडे नकोत, पण कान झाकणारे असावेत. यात कुजबुज आहे, रेडिओवरची खरखर आहे, पाण्याचा आवाज आहे, आणि लगेच पुढच्या क्षणी सात वाद्यं एकदम कोसळतात. फोनच्या स्पीकरवर यातलं निम्मं नुसतं हरवतं.

वेळ रात्रीची निवडा. कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी : आधी एकच अल्बम

तयारी म्हणून तिचे सगळे दहा अल्बम ऐकायची गरज नाही. या कार्यक्रमात १९८५ च्या आधीचं एकही गाणं नाही. 'वुदरिंग हाइट्स'सुद्धा नाही. पहिल्या चार अल्बमांना तिनं हातच लावलेला नाही, आणि मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. ३५ वर्षांनी लोकांसमोर उभं राहायचं आणि त्यांचं सर्वांत लाडकं गाणं गायचं नाही.

तर आधी फक्त १९८५ चा 'हाउंड्स ऑफ लव' ऐका. पाऊण तासाचा आहे. पहिल्या बाजूला सुटी पाच गाणी आहेत, त्यांत 'रनिंग अप दॅट हिल' आहे. दुसरी बाजू म्हणजे सात गाण्यांची एकच कथा, 'द नाइन्थ वेव्ह', म्हणजे नववी लाट. जहाज बुडालं आहे, रात्र आहे, एक बाई लाइफ जॅकेट घालून समुद्रात एकटी तरंगते आहे. झोप लागली तर संपलं. तिच्या मनात जे जे येतं ती ती गाणी. 'बिफोर द डॉन'चा दुसरा अंक म्हणजे हीच कथा रंगमंचावर आणलेली, म्हणून ती एकदा मूळ रूपात ऐकलेली बरी. गाण्यांचे शब्दही आधी वाचून घ्या. इंग्रजी उच्चार ओळखीचे नसतील तर गाता गाता ते पकडणं अवघड जातं, आणि इथे शब्द सुटला की गोष्ट सुटते.

तिसऱ्या अंकाची कथा २००५ च्या 'एरियल' या अल्बममधून येते. ती मात्र आधी ऐकू नका. ती थेट इथेच भेटू द्या.

तिसरी पायरी : पहिला अंक, म्हणजे नांदी आणि वादळ

पहिलं गाणं 'लिली'. सुरुवातीला संगीत नाही, एक प्रार्थना आहे. विश्वाचं पोषण करणाऱ्या, ज्यातून सगळं येतं आणि ज्यात सगळं परत जातं अशा शक्तीला उद्देशून, खऱ्या सूर्याचं झाकलेलं मुख आम्हाला दिसू दे अशी मागणी. ऐकता ऐकता तुम्हाला काहीतरी ओळखीचं वाटेल, आणि ते वाटणं बरोबर आहे. हे गायत्री मंत्राचं इंग्रजी रूप आहे. १९९३ च्या मूळ गाण्यातही ही प्रार्थना होती. पण तिथे ती एका गाण्याची सुरुवात होती, इथे ती अख्ख्या नाटकाची नांदी झाली आहे. 'पहाट होण्याआधी' नावाच्या प्रयोगाचा पहिला उच्चार सवित्याला उद्देशून असावा, ही जागा मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुढचं गाणं ऐकायचं थांबवून ती पुन्हा लावली होती. लहानपणापासून तोंडी असलेला मंत्र इतक्या दुरून आपल्याकडे येतो तेव्हा त्याचा अर्थ नव्यानं ऐकू येतो.

मग ती मंचावर येते आणि प्रेक्षक जो आवाज करतात तो ऐकाच. त्या टाळ्या नेहमीच्या नाहीत. काही जणांनी १९७९ पासून वाट पाहिली होती, बाकीच्यांनी तर ती कधी दिसेल ही आशाच सोडली होती.

या अंकातली गाणी सुटी आहेत, नेहमीच्या कॉन्सर्टसारखी. इथे तुमचं काम एकच: वादकांची ओळख करून घेणं. ड्रमवर ओमर हकीम, तालवाद्यांवर मिनो सिनेलू. दोघेही जॅझमधल्या 'वेदर रिपोर्ट' या चमूत वाजवलेले, आणि सिनेलू तर जॅझमधला दिग्गज ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याचाही साथीदार. गिटारवर डेव्हिड रोड्स, वर्षानुवर्षं ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलसोबत असलेला. बासवर जॉन गिब्लिन. कळफलकावर केव्हिन मॅकॅलिया, हा १९७९ च्या दौऱ्यातही होता. 'रनिंग अप दॅट हिल' मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम मशीनच्या न थकणाऱ्या ठेक्यावर चालतं. इथे तो ठेका माणसाच्या हातात आहे. वेग जवळपास तोच, पण दर फेरीला त्यात थोडा श्वास येतो. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ लावून पाहा, लाइव्ह म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल.

'टॉप ऑफ द सिटी' हे गाणं चुकवू नका. जवळजवळ काहीच न वाजणाऱ्या शांततेतून ती एकदम पूर्ण आवाजात झेप घेते. विशीतला तिचा आवाज उंच आणि टोकदार होता, आताचा रुंद आहे, खोल आहे, त्याला तळ आहे. काही जुने चाहते तो पहिला आवाज शोधत राहतात. मला हा जास्त प्रिय आहे.

'नेव्हर बी माइन' संपल्यावर टाळ्या नाहीत हे तुमच्या लक्षात येईल. चित्रीकरणासाठी प्रेक्षकांविना प्रयोग झाला तेव्हाचं ते ध्वनिमुद्रण आहे. वेळ फार होतो म्हणून ते गाणं प्रयोगातून गळलं. एकच प्रत शिल्लक होती, ती तिनं अल्बममध्ये मूळ जागी परत आणून बसवली.

अंकाचं शेवटचं गाणं 'किंग ऑफ द माउंटन'. ते संपत नाही, ते फुगत जातं. वारा सुटतो, तालवाद्यं गरगरायला लागतात. सिनेलू मंचाच्या पुढे येऊन दोरीला बांधलेली लाकडी पट्टी डोक्याभोवती फिरवत होता, तिचा घूं-घूं आवाज म्हणजे ते वादळ. आणि मग तोफांमधून प्रेक्षकांवर कागदाचे तुकडे उडाले, त्यांवर इंग्रजी कवी टेनिसनच्या कवितेतल्या ओळी होत्या. 'नववी लाट' हे नाव त्याच कवितेतून आलेलं आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. इथे पहिली सीडी संपते, पण तुम्ही थांबू नका. प्रयोगात इथे मध्यंतर नव्हतं. हेच वादळ ते जहाज बुडवतं. चहा नंतर.

चौथी पायरी : दुसरा अंक, समुद्रात

सुरुवात संवादानं होते. रात्री आकाश बघत बसलेला एक हौशी खगोलप्रेमी तटरक्षकांना फोन करतो आहे, त्याच्या कानावर एका जहाजाचा मदतीचा संदेश पडला आहे. पलीकडच्याला त्याचं म्हणणं चटकन पटत नाही. या प्रयोगाचे संवाद लिहायला कादंबरीकार डेव्हिड मिचेल केट बुशसोबत होता, आणि दिग्दर्शनात तिच्या जोडीला एड्रियन नोबल, पूर्वी रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रमुख. म्हणजे हा गाण्यांना जोडलेला देखावा नव्हता, नाटकवाल्यांनी बसवलेलं नाटक होतं.

'अँड ड्रीम ऑफ शीप' हे गाणं ऐकताना डोळ्यांसमोर हे आणा: मंचावर मोठा पडदा, त्यावर पाण्यात उताणी तरंगणारी केट, खांद्याजवळ लुकलुकणारा लाल दिवा. हे चित्रीकरण पाइनवुड स्टुडिओतल्या पाण्याच्या टाकीत झालं, आणि गाणं तिनं त्या पाण्यात तरंगतच गायलं. स्टुडिओत आरामात गाऊन पाण्यात नुसते ओठ हलवता आले असते, पण तिला थंडीनं आखडलेला आवाजच हवा होता. पहिल्या दिवशी ती इतका वेळ पाण्यात राहिली की तिच्या अंगातली ऊब धोक्याइतकी उतरली. एक दिवस विश्रांती घेऊन ती पुन्हा टाकीत उतरली. गाण्यातला श्वास ऐका, तो अभिनयाचा नाही.

'अंडर आइस'मध्ये ती बर्फावर स्केटिंग करते आहे असं तिला वाटतं. बर्फाखाली कोणीतरी अडकलंय. ती वाकून बघते, तर ती स्वतःच आहे. गाणं छोटं आहे आणि त्यात एकही जागा सैल नाही.

'वेकिंग द विच' पहिल्यांदा ऐकताना भीती वाटेल, वाटू द्या. झोपू नकोस म्हणून उठवणारे आवाज, त्यातूनच तिच्यावर चेटकीण म्हणून चाललेला खटला, तुकडे तुकडे झालेला तिचा उच्चार. शेवटी हेलिकॉप्टर येतं. नाट्यगृहात ते खरोखर प्रेक्षकांच्या डोक्यावर उतरलं होतं: छतावरून खाली येणारी दिव्यांची यंत्रणा, अंधारात माणसं शोधणारा झोत. हेडफोनवर तो आवाज डावीकडून उजवीकडे जाताना तुम्हीही मान वर कराल.

मग एकदम घर. दिवाणखाना, टीव्ही, बाप आणि मुलगा जेवणावरून किरकोळ बोलताहेत. 'वॉचिंग देम विदाउट हर' हा संवाद. खरं सांगायचं तर नुसत्या आवाजात तो लांबतो. मंचावर ती खोली समुद्रातल्या तराफ्यासारखी कलंडत होती, ते आपल्याला दिसत नाही. मलाही दोनदा तो पुढे ढकलायचा मोह झाला. पण पहिल्या ऐकण्यात ढकलू नका, कारण पुढच्या 'वॉचिंग यू विदाउट मी'चा सगळा भार त्यावर आहे. ती भुतासारखी घरात आली आहे. ते तिची वाट बघताहेत आणि ती समोर असून त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही. त्या दोनेक मिनिटांच्या फुटकळ बोलण्याशिवाय ते घर आपलं होत नाही, आणि घर आपलं झालं नाही तर ही ताटातूट लागत नाही.

'जिग ऑफ लाइफ'पाशी कथा वळते. म्हातारपणीची ती स्वतःच तिच्यासमोर येऊन उभी राहते आणि म्हणते, तू इथे मेलीस तर मी कुठून येणार, माझी मुलं कुठून येणार. हे सगळं आयरिश लोकनृत्याच्या तालावर. केटची आई आयरिश होती. मरणाच्या दारात उभ्या माणसाला परत ओढायला त्या नाचाइतकं जोरकस दुसरं काय असेल? हे गाणं बसून ऐकायचं नाही. उभे राहा.

'हॅलो अर्थ' ही या अंकाची सर्वांत मोठी जागा. ती खूप वरून पृथ्वी बघते, ढगांचं वादळ तयार होताना बघते, खाली खलाशी आहेत आणि त्यांना सावध करायला तिच्यापाशी काहीच नाही. मधे गाणं थांबतं आणि समूहस्वर सुरू होतात. ते जॉर्जिया देशाचं लोकगीत आहे, 'त्सिंत्सकारो'. शब्द कळण्याची गरज नाही. घरात कोणी गेल्यावर जमलेली माणसं ज्या सुरात बोलतात तो सूर आहे तो. मंचावर या गाण्याच्या शेवटी माशांचं रूप घेतलेल्या नटांनी, म्हणजे मत्स्यमानवांनी, तिला उचललं आणि प्रेक्षकांमधून वाहून नेलं. ध्वनिमुद्रणात ऐकू येते ती फक्त शांतता, आणि तीन हजारांहून जास्त माणसं गप्प बसलेली ऐकायची असतील तर ती इथे ऐका.

नंतर 'द मॉर्निंग फॉग'. सकाळचं धुकं. ती वाचली आहे. सगळे वादक पुढे येऊन अकूस्टिक वाद्यं वाजवतात, गाणं हलकं, अगदी घरगुती. आई, वडील, भाऊ यांच्यावर माझं किती प्रेम आहे ते आता सांगेन, एवढाच त्याचा मजकूर. एरवी हे शब्द भाबडे वाटले असते.

मध्यंतर

आता चहा करा. वीस मिनिटं थांबा. प्रयोगातही मध्यंतर इथेच होतं. या वेळात काही दुसरं ऐकू नका.

पाचवी पायरी : तिसरा अंक, एक दिवस

या अंकाचं नाव 'अ स्काय ऑफ हनी'. त्यात गोष्ट जवळपास नाही. दुपार आहे, एक चित्रकार चित्र काढतो आहे, पाऊस येऊन रंग ओघळतात आणि बिघडलेलं चित्र जास्तच सुंदर होतं. मग सूर्यास्त, संधिप्रकाश, रात्र, समुद्र, पहाट. आणि सगळीकडे पक्षी. दुसऱ्या अंकानंतर हा संथ वाटेल. इथेच अनेक जण कंटाळून सोडतात, म्हणून आधीच सांगतो: इथे पुढे काय होणार याची वाट बघायची नाही. उन्हात बसल्यासारखं बसायचं. मंचावरही एक लाकडी बाहुला दाराआडून येऊन त्या प्रकाशात नुसता भटकत होता, पहिल्यांदा जग बघितल्यासारखा.

लक्ष ठेवायच्या जागा मोजक्या आहेत. 'सनसेट' शांतपणे सुरू होतं आणि शेवटाकडे स्पॅनिश फ्लामेंकोच्या चालीत उसळतं, ती उसळी सिनेलू आणि हकीम यांची. 'एरियल ताल'मध्ये ती पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करते, आणि तबल्याचे बोल कानावर असलेल्या माणसाला तिथे हसू फुटल्याशिवाय राहणार नाही. 'टॉनी मून' हे या प्रयोगासाठी लिहिलेलं नवं गाणं आहे. ते तिचा मुलगा बर्टी गातो, चित्रकाराच्या भूमिकेत. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. 'एरियल' अल्बममध्ये याच बर्टीचा लहानपणीचा आवाज आहे, आणि प्रयोग करायचं बळ त्यानंच दिलं असं ती सांगते. गाणं मला बाकीच्यांच्या तोडीचं वाटत नाही. तरी मुलगा गातोय आणि आई बाजूला उभी आहे, हे ऐकताना मी ते कधी पुढे ढकललेलं नाही.

आणि मग 'नॉक्टर्न'. उन्हाळ्याची रात्र, शहर झोपलंय, दोघं जण अटलांटिकच्या पाण्यात उतरतात. तारे केसांत अडकल्यासारखे. इथे थांबून आठवा: तासाभरापूर्वी हाच काळोख आणि असंच पाणी तिला गिळायला बसलं होतं. दुसऱ्या अंकात ती पाण्याबाहेर यायला तडफडत होती, इथे ती आपणहून आत जाते आहे. १९८५ आणि २००५ असे दोन अल्बम, मधे वीस वर्षं. शेजारी शेजारी ठेवल्यावर ते एकमेकांशी बोलायला लागतात. दोन्ही कथा रात्रीतून जातात आणि दोन्ही पहाटेला पोचतात. पहिल्या गाण्यात ज्या सूर्याचं मुख दाखव म्हणून मागितलं होतं, तो 'नॉक्टर्न'च्या शेवटी वर येऊ लागतो.

'एरियल' म्हणजे ती पहाट. पक्ष्यांचा गलबला, त्यांच्यासोबत तिचं हसणं, गिटारींचा कल्लोळ. मला छपरावर जायचंय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. मंचावर शेवटी तिला पंख फुटले आणि ती जमिनीवरून वर उचलली गेली.

उरलेली दोन गाणी

'अमंग एंजल्स' ती एकटी गाते, पियानोवर. २०११ च्या '५० वर्ड्स फॉर स्नो' या अल्बममधलं आहे. एवढ्या मोठ्या प्रयोगानंतर एक बाई, एक वाद्य. 'क्लाउडबस्टिंग' हा समारोप. बाप पाऊस पाडायचं यंत्र बनवतो आणि सरकार त्याला पकडून नेतं, ही गोष्ट मुलाच्या तोंडून सांगितलेली. विल्हेल्म राइख या शास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या मुलाच्या खऱ्या आयुष्यातून ती आली आहे. अडीच तास जपून बसलेले प्रेक्षक इथे पहिल्यांदा मोकळे होतात आणि तिच्यासोबत गातात.

दुसऱ्यांदा ऐकताना

एवढं झालं की मूळ अल्बमकडे जा. आधी 'एरियल', मग १९९३ चा 'द रेड शूज'. त्यातली 'लिली' आणि 'टॉप ऑफ द सिटी' तिनं २०११ च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये पुन्हा रेकॉर्ड केली आणि तीन वर्षांनी मंचावर गायली. एकाच गाण्याची तीन वयं ऐकायला मिळतात. पहिले चार अल्बम त्यानंतर. 'वुदरिंग हाइट्स' सर्वांत शेवटी ऐका, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ही मुलगी कुठे निघाली होती ते दिसतं.

आणि एकदा तरी हे ध्वनिमुद्रण वेळ जुळवून लावा. 'एरियल' हे गाणं सुरुवातीपासून साधारण सव्वादोन तासांनी येतं. मे महिन्यात पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, पक्षी त्याच्या आधी जागे होतात. मी पहाटे तीनला लावलं होतं, खिडकी उघडी ठेवून, मध्यंतराला दहाच मिनिटं घेतली होती. त्या दिवशी हेडफोन नव्हते, छोटे स्पीकर होते, आवाज शेजाऱ्यांना जाणार नाही इतका. 'नॉक्टर्न' सरत आलं तेव्हा समोरच्या आंब्यावर दयाळ बोलायला लागला. त्यानंतर बुलबुल. हॅमरस्मिथमधले पक्षी कुठे संपतात आणि माझ्या खिडकीबाहेरचे कुठे सुरू होतात, ते काही मिनिटं मला सांगता आलं नसतं.